ह्यूस्टनचा रॅपर गाडीच्या डिकीतून पोट कसं भरायचा, आणि आता कसं भरतो

विचारणाऱ्याचा प्रश्न थोडक्यात असा, की अमेरिकेच्या दक्षिणेतला एखादा गरीब घरातला पोरगा, ना ओळख ना पैसा, तो रॅप करून आपल्या शहरापुरता का होईना पण मोठा होतो म्हणजे नक्की काय होतं, पैसा खरंच येतो का, की त्या गाड्या आणि सोन्याचे दात सगळं भाड्याचं असतं.

भाड्याचंही असतं, ते आधीच सांगून टाकतो. पण सगळ्यांचं नाही. मी ह्यूस्टनमध्ये रेकॉर्डिंग-मिक्सिंग करतो, बरीच वर्षं झाली, आणि माझं गिऱ्हाईक बहुतेक हेच, दिवसा वेअरहाऊसला नाहीतर डिलिव्हरीच्या व्हॅनवर आणि रात्री माझ्याकडे माइकसमोर. त्यामुळे मी ह्यूस्टनचंच सांगणार. अटलांटा, मेम्फिस, न्यू ऑर्लिन्स ही प्रत्येक वेगळी भानगड आहे, सगळ्यांना एकाच पोत्यात घालू नका.

एक गोष्ट बाहेरच्यांना कधीच पटत नाही. ह्यूस्टनमध्ये लोकल असणं म्हणजे 'अजून पोचला नाही' असं नव्हतं. तो पूर्ण धंदा होता, स्वतःच्या पायावर उभा असलेला, आणि त्यात टेक्सास-लुइझियानाच्या बाहेर कुणी ओळखत नसलेले लोक घरं घेत होते.

हे झालं कशामुळे, तर कुणी विचारत नव्हतं म्हणून. ऐंशी-नव्वदच्या दशकात रॅप म्हणजे न्यूयॉर्क, नंतर लॉस एंजेलिस, मधल्या माणसांना कुणी जमेत धरत नव्हतं. १९९५ च्या सोर्स अवॉर्ड्समध्ये, म्हणजे एका हिप-हॉप मासिकाच्या बक्षीस समारंभात, अटलांटाच्या आउटकास्टला नवीन ग्रुपचं बक्षीस मिळालं तर न्यूयॉर्कच्या पब्लिकने हुर्यो उडवली, आणि त्यांच्यातल्या आंद्रेने तिथेच माइकवर सांगितलं की साउथकडे बोलायला काहीतरी आहे. हा किस्सा सगळ्यांना माहीत असतो. पण ह्यूस्टनवाले त्याच्या कितीतरी आधी वाट बघायची सोडून बसले होते. जे. प्रिन्सने ऐंशीच्या दशकातच इथल्या फिफ्थ वॉर्ड वस्तीत रॅप-अ-लॉट हे लेबल, म्हणजे रेकॉर्ड कंपनी, काढलं, माणूस जुन्या गाड्या विकायच्या धंद्यातला, त्याला माल, उधारी, वसुली हे सगळं आधीच कळत होतं. १९९१ मध्ये त्याच्या गेटो बॉईज या ग्रुपचं गाणं देशभर चाललं, बिलबोर्डच्या मुख्य यादीत तेविसाव्या नंबरपर्यंत गेलं. गावातल्या पोरांनी त्यातून काय घेतलं तर, ऑफिस न्यूयॉर्कला असायची गरज नाही.

आता हिशोब, कारण खरी मेख तिथेच आहे. नव्वदीच्या शेवटाला एक सीडी छापून घ्यायला ढोबळमानाने एक डॉलर धर. डिस्ट्रिब्युटर ती तुझ्याकडून साधारण सहा-सात डॉलरला उचलणार, आणि डिकी उघडून थेट विकलीस तर दहा डॉलर रोख, हातात. मोठ्या लेबलवर सही केलेल्याला एका सीडीमागे मिळणार जेमतेम डॉलर-सव्वा डॉलर, तेही आधी दिलेला अॅडव्हान्स, स्टुडिओचं बिल, व्हिडिओचा खर्च सगळं वळतं झाल्यावर, आणि बहुतेकांचं ते कधी वळतं होतच नाही. म्हणजे वीस हजार सीडी विकणारा माणूस मोठ्या लेबलच्या दृष्टीने फ्लॉप, पुढच्या वर्षी हाकलतील, पण तेवढ्याच वीस हजार स्वतः विकल्या तर खर्च जाऊन लाखभर डॉलर. आणि वीस हजार विकायला देश लागत नाही, ह्यूस्टन, ब्युमाँट, पोर्ट आर्थर, लेक चार्ल्स एवढा आय-टेन हायवेचा पट्टा पुरतो.

न्यू ऑर्लिन्सच्या कॅलिओप प्रोजेक्ट्समधल्या, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी चाळींतल्या, मास्टर पी या रॅपरने हेच गणित सगळ्यात मोठ्या प्रमाणावर लावलं. आजोबांच्या मृत्यूनंतर मिळालेल्या नुकसानभरपाईतले दहा हजार डॉलर घेऊन कॅलिफोर्नियातल्या रिचमंडला कॅसेटचं दुकान टाकलं, काउंटरवर बसून गिऱ्हाईक काय मागतं ते बघितलं, आणि १९९६ मध्ये प्रायॉरिटी या रेकॉर्ड कंपनीशी करार केला तो असा की विक्रीतला पंच्याऐंशी टक्क्यांच्या आसपासचा वाटा त्याचा आणि मास्टर टेप, म्हणजे मूळ रेकॉर्डिंगची मालकी, सुद्धा त्याचीच. त्याला तसा करार मिळाला कारण तो रिकाम्या हाताने गेला नव्हता, विकला गेलेला माल दाखवायला होता.

ह्यूस्टनला परत येतो. इथल्या पोरांची खरी शाळा म्हणजे डीजे स्क्रू. रॉबर्ट अर्ल डेव्हिस, जन्म १९७१, ट्रक ड्रायव्हरचा मुलगा, टेक्सासच्याच लहान गावातून साउथसाइडला, म्हणजे ह्यूस्टनच्या दक्षिण भागात, आलेला. त्याने रेकॉर्ड हळू केल्या. आधी टर्नटेबलवर पिच खाली, मग ते कॅसेटवर घेताना अजून खाली, मध्येमध्ये शब्द कापून परत वाजवायचे, त्यालाच चॉप्ड अँड स्क्रूड म्हणतात. माझ्या कामाच्या बाजूने सांगतो यात नक्की काय होतं: टेपचा वेग कमी केला की सूरही खाली येतो, वीस टक्के हळू केलंस तर पन्नास हर्ट्झचा बेस चाळीसवर उतरतो, आणि चाळीस हर्ट्झ घरातल्या टेपरेकॉर्डरवर ऐकूच येत नाही. त्याला डिकीत पंधरा इंची वूफर असलेली गाडी लागते. ह्यूस्टनमध्ये तसल्या गाड्या होत्याच, स्लॅब म्हणतात त्याला, कँडी पेंट, बाहेर आलेल्या स्पोकची चाकं, गाडी वीसच्या स्पीडने चालणार आणि रस्त्यावरच्या काचा हादरणार. संगीत गाडीसाठी बनलं की गाडी संगीतासाठी सजली ते आता कुणी सांगू शकत नाही. पण आजही कुणी मला लोकल गाणं मिक्स करायला दिलं की मी स्टुडिओच्या मोठ्या स्पीकरवर पास झालं म्हणून सोडत नाही, खाली पार्किंगमध्ये त्याच्याच गाडीत जाऊन ऐकतो, डिकी उघडी ठेवून आणि बंद करून दोन्ही. किक ड्रम आणि एट-ओ-एट, म्हणजे ड्रम मशीनचा लांबणारा बेस, तिथे एकमेकांच्या अंगावर येत असतील तर परत वर.

स्क्रूचा धंदा घरून चालायचा. संध्याकाळी फाटकाशी गाड्यांची रांग, दहा डॉलरला कॅसेट, इतकी ये-जा की पोलिसांना वाटलं इथे ड्रग्ज विकतात. आणि टेप बऱ्याचदा ऑर्डरने बनायची. कुणाचा वाढदिवस असेल तर त्याची आवडती गाणी, मध्ये त्याचं नाव, त्याच्या गल्लीचं नाव, आणि तिथे बसलेली पोरं फ्रीस्टाइल, म्हणजे जागच्या जागी सुचेल तसं रॅप, करणार. जून २७ नावाची टेप सगळ्यात गाजली ती अशीच एका मित्राच्या वाढदिवसाची, १९९६ ची, त्यात अर्ध्या तासाच्या वर पोरं नुसती आळीपाळीने रॅप करतायत. लिल कीके, फॅट पॅट, बिग मो, बिग हॉक, यांची नावं आधी या टेपांवरून पसरली, रेडिओ नंतर आला. १९९८ मध्ये स्क्रूने दुकान काढलं, त्यात फक्त स्वतःच्या टेपा.

टेपने नाव झालं की पुढची पायरी माल दुकानात जाणं. पोर्ट आर्थर म्हणजे रिफायनरीचं गाव, तिथले पिंप सी आणि बन बी, म्हणजे यूजीके, यांची १९९२ ची पहिली कॅसेट काढली ती ह्यूस्टनच्या किंग्ज फ्ली मार्केटमध्ये, शेडखाली गाळ्यांची रांग असते तसल्या ठिकाणी, कॅसेटचं दुकान चालवणाऱ्याने. कुठलाही मार्केटिंग हेड नाही, दुकानदारालाच दिसतंय रोज किती जण विचारायला येतात. त्याच वर्षी त्यांना जाइव्ह या मोठ्या लेबलने उचललं. आणि सगळ्या लहान लेबलांचा माल गोळा करून चेन दुकानांपर्यंत पोचवायला ह्यूस्टनमध्येच साउथवेस्ट होलसेल नावाचा डिस्ट्रिब्युटर होता. लोक रॅपरची नावं घेतात पण माझ्या मते या एका गोडाऊनशिवाय ह्यूस्टनचा सीन उभाच राहिला नसता. २००३ मध्ये ते बंद पडलं तेव्हा कित्येक लेबलांचे पैसे अडकले, आणि पुढच्या दोन वर्षांत इथली पोरं एकदम मोठ्या कंपन्यांकडे का गेली याचं अर्धं उत्तर तिथे आहे.

आता माईक जोन्स. तू विचारलंस तो प्रवास याच्याइतका स्वच्छ दुसऱ्या कुणात दिसत नाही. नाव बघ, इकडे माईक जोन्स म्हणजे आपल्याकडे सुनील पाटील, लक्षात राहायचा प्रश्नच नाही. आवाज काही गेटो बॉईजमधल्या स्कारफेससारखा जड नाही, शब्दांची कारागिरी इथल्याच कमिलियनेअर या रॅपरच्या जवळपासही नाही, हे मी त्याच्या फॅनसमोरही म्हणेन. नॉर्थसाइडचा पोरगा, तिकडे मायकल वॉट्स आणि ओजी रॉन सी या डीजेंचं स्विशाहाऊस हे लेबल होतं, स्क्रूच्या साउथसाइडला उत्तरेचं उत्तर म्हणून. त्याने सुरुवात केली स्ट्रिप क्लबपासून. ऐकायला कसंसंच वाटतं पण इथे गाणं चालतं की नाही ते ठरवणारी ती जागा आहे, नाचणारी मुलगी डीजेला सांगते हेच लाव, आणि डीजे लावतो कारण त्याची कमाई तिच्या टिपवर असते. माईक जोन्सने काय केलं, एकेका मुलीसाठी तिच्या नावाचं गाणं करून द्यायला लागला. ती स्वतःचंच गाणं मागणार ना! दर रात्री, गर्दीत, त्याचा आवाज लाऊडस्पीकरवर, आणि गाण्यात तिच्या नावाबरोबर स्वतःचं नाव इतक्या वेळा की ऐकणारा वैतागून विचारणार, हा कोण माईक जोन्स? तोच प्रश्न त्याने उचलला, टीशर्टवर छापला, गाण्यात पब्लिककडून म्हणवून घेतला, आणि पुढे अल्बमचं नावही तेच ठेवलं.

आणि फोन नंबर. स्वतःचा खरा नंबर, ह्यूस्टनच्या २८१ एरिया कोडवाला, गाण्यात म्हणून टाकला. लोक फोन करायचे, कधीकधी तो स्वतः उचलायचा, अल्बम कधी येतोय सांगायचा. हजारो कॉल. आज हे गंमत म्हणून सांगतात, पण त्या काळात सोशल मीडिया नव्हता हे लक्षात घे, आणि फोनवर समोरच्याचा एरिया कोड दिसतो, म्हणजे ऑस्टिनहून किती, डॅलसहून किती, बॅटन रूजहून किती हे फुकटात कळत होतं, कुठल्या गावात पुढचा शो लावायचा ते यावरून ठरवता येईल. या सगळ्या युक्त्यांचं श्रेय तो आजीला देत आलाय. २००४ मध्ये स्लिम थग आणि पॉल वॉल या ह्यूस्टनच्याच रॅपरांबरोबरचं स्टिल टिपिन हे गाणं आलं, मग वॉर्नर कंपनीच्या असायलम लेबलने स्विशाहाऊसबरोबर करार केला, एप्रिल २००५ मध्ये अल्बम, आणि तो प्लॅटिनम झाला, म्हणजे दहा लाख. त्याच वर्षी बिलबोर्डच्या अल्बम यादीत स्लिम थगचा अल्बम दुसऱ्या नंबरवर आणि पॉल वॉलचा पहिल्या नंबरवर उघडला. एका शहरातून एकाच वर्षात.

पण त्यानंतरचं कुणी सांगत नाही. माईक जोन्सचा पुढचा पूर्ण अल्बम यायला २००९ उजाडलं. मधल्या काळात लेबलशी वाद, तारखा पुढे, आणि गावातली पोरं दुसऱ्या आवाजाकडे गेली. स्लिम थगने तर आपल्या अल्बमचं नावच 'आधीच प्लॅटिनम' अशा अर्थाचं ठेवलं होतं, कारण सही करायच्या आधी तो स्वतःच्या लेबलवर पुरेसं कमवत होता आणि मोठ्या लेबलने अल्बम रखडवला याचा त्याला राग होता. पॉल वॉल मला या तिघांत सगळ्यात हुशार वाटतो. रॅपर व्हायच्या आधी तो दुसऱ्यांच्या लेबलांची पोस्टरं चिकटवायचा, फ्लायर वाटायचा, त्यामुळे कुठलं दुकान, कुठला क्लब, कोण डीजे हे पाठ. आणि गाण्याच्या बाजूला त्याने ग्रिलचा, म्हणजे दातांवर बसवायच्या सोन्याच्या कवचांचा, धंदा ठेवला, व्हिएतनामहून आलेल्या जॉनी डँग या सोनाराबरोबर. चार्टवरून नाव गेलं तरी दुकान चालूच.

कष्टाच्या गोष्टीत दोन गोष्टी लोक गाळतात, त्या सांगतो. एक, हा रोखीचा धंदा आहे आणि रोख जिथे असते तिथे जीव जातो. फॅट पॅट १९९८ च्या फेब्रुवारीत शोचे राहिलेले पैसे आणायला गेला आणि तिथेच त्याला गोळी घातली, त्याचा अल्बम त्यानंतर आला. भाऊ बिग हॉक २००६ मध्ये गेला, तोही गोळीनेच. म्हणून इथे जुनी माणसं पोरांना सांगतात, अर्धी रक्कम फ्लायर छापायच्या आधी आणि उरलेली स्टेजवर चढायच्या आधी, नंतर मागायला जायचं नाही. दुसरं म्हणजे सिरप. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध सोड्यात घालून पितात, लीन म्हणतात, आणि हळू संगीताबरोबर त्याची जाहिरातच झाली. स्क्रू २००० मध्ये एकोणतिसाव्या वर्षी गेला, त्याच्या शरीरात ते सापडलं. पिंप सी २००७ मध्ये तेहतिसाव्या वर्षी, त्यातही ते होतंच. माझ्या स्टुडिओत लीनचा डबल कप घेऊन कुणी आला तर मी त्या दिवशी सेशन करत नाही, उपदेश वगैरे नाही, टेक वाया जातात आणि त्याचे तासाचे पैसे पण.

मग आज काय? डिकी गेली, सीडी गेली. स्ट्रीमिंगवर एका ऐकण्याचे साधारण तीन-चार दशांश सेंट पडतात, दहा लाख स्ट्रीम म्हणजे तीन ते चार हजार डॉलर, त्यात वाटेकरी बीटवाला, म्हणजे गाण्याखालचं संगीत बनवणारा, फीचरवाला, म्हणजे पाहुणा रॅपर, आणि डिस्ट्रिब्युटर. स्पॉटिफायने तर २०२४ पासून वर्षात हजारच्या खाली ऐकलेल्या गाण्याला पैसे देणंच बंद केलं. म्हणजे एका सीडीचे पाच-सहा डॉलर सुटायचे ते मिळवायला आता दीड हजारच्या आसपास वेळा गाणं वाजलं पाहिजे. वीस हजार पक्के गिऱ्हाईक ही जी जुनी ताकद होती ती स्ट्रीमिंगमध्ये फारशी उरत नाही, आणि म्हणून 'गाण्यावर जगतो' असं सांगणारा लोकल रॅपर खरं तर सुपाऱ्यांवर, म्हणजे पैसे घेऊन केलेल्या कार्यक्रमांवर, जगतो. क्लबमध्ये तासभर येऊन बसायचे, दोन गाणी म्हणायचे पैसे. दुसऱ्याच्या गाण्यावर एक व्हर्स, म्हणजे एक कडवं, द्यायचे पैसे, जे इथे अनेकांचं सगळ्यात भरवशाचं उत्पन्न आहे कारण ते लगेच मिळतं. टीशर्ट. कार शोला स्लॅबवाल्यांनी बोलावलं तर ते.

तरी रस्ता तोच राहिलाय, हे मला गमतीचं वाटतं. दॅट मेक्सिकन ओटी, ह्यूस्टनच्या खाली बे सिटी म्हणून गाव आहे तिथला, आई लहानपणीच गेली, त्याचं २०२३ मध्ये देशभर चाललेलं गाणं कशावर, तर त्या सोनार जॉनी डँगच्या नावावर, आणि फीचर कुणाचं, पॉल वॉलचं. उलट बाजूला मेगन दी स्टॅलियन, सायफर, म्हणजे घोळक्यात आळीपाळीने केलेलं रॅप, आणि फ्रीस्टाइलच्या व्हिडिओंवरून वर आली, इथल्याच एका लहान लेबलवर २०१८ मध्ये सही केली, २०२० मध्ये कोर्टात गेली आणि तडजोड व्हायला २०२३ चा ऑक्टोबर लागला. सही करताना विशीत होते, काय लिहिलंय ते नीट कळलं नव्हतं, हे तिने स्वतःच सांगितलंय. म्हणजे 'लोकल लेबल आपलं, मोठं लेबल परकं' हेही खरं नाही, कागद वाचावाच लागतो.

तुझ्या प्रश्नाच्या शेवटी होतं की असा कुणी नवीन पोरगा माझ्याकडे आला तर मी पहिल्यांदा काय करायला लावतो. आवाज, फ्लो, लिखाण यावर मी बोलत नाही, ते त्याचं त्याला. एकच गाणं घेऊन ये सांगतो, अल्बम नको. त्या एका गाण्याच्या चार फाइल बनवून देतो: पूर्ण, शिव्या कापलेली रेडिओसाठी, मुख्य आवाज काढलेली स्टेजसाठी, आणि नुसता आवाज, जेणेकरून कुणी डीजे ते स्क्रू करायला मागेल तर देता येईल, ह्यूस्टनमध्ये अजून मागतात. बीट इंटरनेटवरून घेतला असेल तर लीज, म्हणजे फक्त वापरायची परवानगी, आहे की पूर्ण विकत ते बघतो, कारण तीस डॉलरच्या लीजवर बनलेलं गाणं चाललं की बीटवाला बरोबर हजर होतो. गाणं लिहिणाऱ्यांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या बीएमआय नाहीतर अॅस्कॅप या संस्थेला नाव नोंदव, रेकॉर्डिंगची रॉयल्टी देणाऱ्या साउंडएक्स्चेंजला वेगळं नोंदव, सॅटेलाइट रेडिओचे पैसे तिथून येतात आणि निम्म्या पोरांना हे ठाऊकच नसतं. आणि स्प्लिट शीट, म्हणजे कुणी काय लिहिलं, कुणाचा किती टक्के, बीटवाल्याचा किती, हा एक पानी कागद सेशन संपायच्या आत भरायचा, सगळे खोलीत असताना, कारण गाणं चालायच्या आधी सगळे भाऊ असतात. फीचरवाल्याला रोख दिली असेल तर तेही तिथेच लिहायचं, की हे पैसे देऊन झालेत आणि पुढच्या कमाईत त्याचा वाटा आहे की नाही. कागदाचा फोटो सगळ्यांच्या फोनमध्ये गेला की मग मी फाइल एक्स्पोर्ट करतो.